शनिचरा ते बटेश्वर, काट्यांतून

पैज लागली कोजागिरीच्या रात्री, ग्वाल्हेरच्या आमच्या दाणाओळीतल्या गच्चीवर, दुधाच्या दुसऱ्या फेरीला. इथल्या लश्कर भागातली जी सात-आठ मराठी घरं अजून एकमेकांकडे जाऊन-येऊन असतात ती सगळी जमली होती. बोलता बोलता दादा म्हणाला, मुरैन्याकडच्या शनिचऱ्याच्या डोंगरावरून बटेश्वराच्या देवळांकडे सरळ पायवाट उतरते, दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. समोरचे काका म्हणाले, "होती. आता सगळा बबूल माजलाय तिथे." झालं. दादा सहासष्टचा आहे, आणि "होती" हा शब्द हल्ली त्याला स्वतःबद्दल काढल्यासारखा झोंबतो. "१९७८ साली मी चाललोय ती वाट. शनिचरी अमावस्येची जत्रा करून, पायांत साध्या चपला घालून," तो म्हणाला.

यात खोटं काही नसावं. १९७२च्या एप्रिलात जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर माधोसिंह, मोहरसिंह या डाकूंनी बंदुका ठेवल्या. त्याआधी मुरैन्याच्या डोंगरात विशीतल्या पोराला कोणी पाठवलंच नसतं. नंतर जरा सैल झालं, आणि कॉलेजची मुलं असली धाडसं करून यायची. मी तेव्हा शाळेत होते. दादा घरी परतला तेव्हा आईने त्याच्या पाठीत घातलेला धपाटा मला आठवतो. वाटेचं मला काही ठाऊक नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला. आई चौऱ्याऐंशीची, तिने फर्मान काढलं, "नंदे, तू जा त्याच्याबरोबर. एकटा गेला तर हट्टाने तिथेच मुक्काम करील." तिसरे सापडले ते दादाचे जावई, अभयराव. नाशिकला त्यांची रोपवाटिका आहे. चार दिवस सासरवाडीला आराम करायला आले होते बिचारे.

शुक्रवार: नरेसर

पहिला दिवस सरावाचा, असं दादाने जाहीर केलं. सकाळी बेडई-कचोरी हाणून निघालो. भिंड रस्त्याला लागलं की रूळ कधी जवळ येतात, कधी लांब जातात. याच मार्गावर पूर्वी शिंदे सरकारांची दोन फुटी रुळांची गाडी धावायची. आता मोठी लाइन झाली, तरी आई भिंडच्या कुठल्याही गाडीला "छोटी लाइन"च म्हणते. दोन्हीकडे मोहरी. मुरैन्याची मोहरी अजून पुरती फुललेली नव्हती, पण शेताच्या कडांना पिवळं शिंपडल्यासारखं झालं होतं.

रिठौऱ्याच्या अलीकडे गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि दहा मिनिटांत पंक्चर. टायरातून अभयरावांनी दोन इंची काटा उपसला, सरळ, सुईसारखा, बुडाशी जाड. "वेडी बाभूळ," ते म्हणाले. "आमच्याकडे विलायती बबूल म्हणतात," दादा म्हणाला. बडोद्याची आमची मावशी त्याच झाडाला "गांडो बावळ" म्हणते. तीन गावांत तीन नावं, आणि त्यांतल्या दोन गावांनी तरी झाडाला वेडाच ठरवलं आहे. १८७०च्या दशकात हे झाड अमेरिका खंडातून इथे आणलं गेलं, सरपण होईल आणि उजाड जमीन धरून ठेवील म्हणून. चंबळच्या बीहडांत, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळींत, तर १९८०च्या दशकात त्याचं बी विमानातून पेरलं. विमान उडताना पाहिलेली माणसं अजून गावोगाव भेटतात आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा सूर लग्नात फसवणूक झाल्यासारखा असतो.

नरेसरची देवळं दरीत आहेत. गाडी सोडून चालावं लागतं. वाळूच्या दगडाचा उतार, मधे ओढ्याचं कोरडं पात्र, आणि दोन्ही अंगांनी करधई. ग्वाल्हेरच्या माणसाला करधई ओळखायला शिकवावं लागत नाही: बारीक पान, खाली झुकलेल्या फांद्या, आणि थंडीत सगळा डोंगर तांब्याच्या भांड्यासारखा. म्हातारी माणसं सांगतात की पाऊस पडायच्या आधी, नुसती हवा दमट झाली की हिला पालवी फुटते. करधईला काटे नाहीत. बाकी सगळ्यांना आहेत.

अभयरावांची शिकवणी इथे सुरू झाली. मला वाटायचं काटा म्हणजे काटा. त्यांनी आधी रानबोरीची फांदी धरली, जिला आम्ही झरबेरी म्हणतो. "बघा आत्या, प्रत्येक पेरावर जोडी. एक सरळ, एक वाकडा. सरळ आत शिरताना टोचतो, वाकडा बाहेर निघताना धरतो." खरंच तसं. पन्नास वर्षं बोरं खाल्ली आणि हे कधी पाहिलं नव्हतं. पुढे खैर: त्याचे काटे आखूड, मांजराच्या नखासारखे, जोडीने पानाच्या देठाखाली. मग हिवर, इकडचा रेवंजा: सालीवरून पांढुरका, काटेही पांढुरके, लांब, सरळ. नेपती म्हणजे आमचा करील. पान जवळजवळ नाहीच, नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता. त्याच्या फळांचं, टेंटीचं लोणचं या भागात घरोघर असतं. आणि एक हिंगण, हिरव्या काट्यांचं. याची फळं पोकळ करून त्यांत फटाक्यांची दारू भरतात आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरजवळ गौतमपुऱ्याला दोन गावं एकमेकांवर फेकतात, ते हे हिंगोट. माझ्या इंदूरच्या नणंदेने एकदा ते युद्ध लांबून पाहिलं होतं. त्यानंतर तिने दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा लावला नाही.

"देशी काटा अडवतो," अभयराव म्हणाले. "थांबलात, एक पाऊल मागे घेतलंत, फांदी त्याच दिशेने सरकवलीत की सोडतो. ओढलंत तर फाडतो." दादाने ताबडतोब ओढून पाहिलं. बाही फाटली.

देवळं आठव्या शतकातली, छोटी छोटी, वीसेक असतील. एक माणूस आत बसला तर दुसऱ्याने बाहेर थांबावं एवढी. शिखरं कुठे पूर्ण, कुठे गळ्यापर्यंत. खडकात खोदलेलं टाकं आहे, त्यात शेवाळलेलं पाणी. इथल्या योगिनींच्या मूर्ती गूजरी महालाच्या संग्रहालयात आहेत. शाळेच्या सहलीत त्यांच्यापुढून आम्ही खिदळत गेलो होतो. त्या कुठून आल्या ते आज कळलं. टाक्याच्या वरच्या अंगाला घाणेरीचं रान माजलं होतं, गुलाबी-पिवळी फुलं, चुरगळलं की तो उग्र वास. गुरं तोंड लावत नाहीत. लावलं तर आजारी पडतात. बुलबुल मात्र तिची काळी फळं खातात आणि बी शिखरांवर नेऊन टाकतात. एका देवळाच्या आमलकाच्या, म्हणजे शिखरावरच्या दगडी चकतीच्या, फटीतून घाणेरीचं रोप वर आलं होतं, वीतभर. अभयरावांनी उपटायला हात घातला आणि मागे घेतला. मुळं फटीत गेलेली, ओढलं तर दगड हलायचा.

मुक्काम रिठौऱ्याला, दादाच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या भावाकडे. बाजरीची रोटी, बथुव्याचा रायता आणि टेंटीचं लोणचं. जावयाला तीन वेळा वाढलं. इथे पाहुणा "बस" म्हणतो तेव्हा वाढणारा "आणखी" ऐकतो.

शनिवार: डोंगर

हा दिवस सविस्तर सांगते, कारण अंतर कापलं ते एवढुसं आणि अंगावर लागलं ते सगळं याच दिवशी.

ऐंतीच्या डोंगरावर शनिचऱ्याचं देऊळ. रावणाच्या कैदेतून सोडवून मारुतीने शनीला लंकेतून भिरकावलं तो इथे येऊन पडला, अशी कथा. अमावस्येला भाविक अंगावरचे कपडे आणि पायांतले जोडे इथेच सोडून जातात, त्याबरोबर पनौतीही जावी म्हणून. आम्ही गेलो तेव्हा अमावस्या नव्हती, तरी आवाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला होता. अभयराव आपल्या नव्या कोऱ्या स्पोर्ट्स शूजकडे बघत म्हणाले, "बाबा, यांतले एखादे जाड तळव्याचे घेऊ का?" दादाने डोळे वटारले. दुसऱ्याची साडेसाती पायांत घालायची? संध्याकाळी त्याने ते बोलणं आठवून मान्य केलं की सल्ला वाईट नव्हता.

कोयता आणायचा की नाही यावर आदल्या रात्री वाद झाला होता. दादाला हवा होता. यजमान म्हणाले, जंगल खात्याची जमीन, झाड तोडताना कोणी बघितलं तर पैज राहील बाजूला. शेवटी तीन लाठ्या, आणि अभयरावांच्या बॅगेतली फांद्या छाटायची कात्री, तीही फक्त घाणेरीसाठी.

साडेसातला निघालो. पहिला अर्धा तास सुंदर होता, खोटं कशाला बोलू. डोंगराच्या पाठीवर वाट स्पष्ट. दोन्हीकडे रचलेले दगड, मधली माती पायांनी गुळगुळीत झालेली. मोर इतके की शेवटी कोणी मान वळवेना. खाली धुक्याची पातळ पट्टी आणि तिच्यातून वर आलेला एकच वीटभट्टीचा धुराडा. दादा पुढे, लाठी खांद्यावर, "बघा, म्हटलं नव्हतं?" असं दर पन्नास पावलांनी.

मग कुसळी आली. कमरेइतकं वाळलेलं गवत, प्रत्येक काडीला टोकदार, पिळदार कुसळ. ते कपड्यात शिरतं आणि हालचालीबरोबर स्क्रूसारखं आत जात राहतं. मी लोकरीचा स्वेटर घातला होता, आईने विणलेला, उंची लोकर. ही माझी घोडचूक. पंधरा मिनिटांत त्याचं साळिंदर झालं. त्यात आघाड्याची भर, आणि ओढ्याच्या काठी गोखरू, म्हणजे ते बोराएवढं आकड्या-आकड्यांचं फळ. शेवटी स्वेटर काढून लाठीला बांधला. तरी तो दिसेल त्या झुडपाला मिठी मारत होता. जंगलात सुती, जाड, घट्ट विणीचं घालावं हे मला पंचवीस वर्षं मुलांना सहलीला पाठवताना माहीत होतं.

पुढच्या उतारावर घाणेरी, डोक्याच्या वर. चौकोनी खोडाला मागे वळलेले बारीक काटे, खैराइतके दुष्ट नाहीत, पण हजारो. अभयरावांनी कात्री चालवली, आणि चालवताना व्याख्यानही. नुसती कापली तर घाणेरी बुडातून दुप्पट फुटते. दिल्लीच्या विद्यापीठातल्या सी. आर. बाबूंनी कॉर्बेटच्या जंगलात वेगळी रीत वापरली: जमिनीच्या जरा खाली मुख्य मूळ छाटायचं आणि झुडूप तसंच उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मग ते फुटत नाही. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटत राहायची. "म्हणजे आपण आत्ता जे करतोय त्याने ती वाढणारच आहे?" मी विचारलं. "हो आत्या. पण आत्ता आपल्याला फक्त पलीकडे जायचंय."

पलीकडे बाभळीची भिंत होती.

विलायती बबूल एकटा उभा असला की झाड वाटतो, बिनबोभाट, विरळ पानांचा. दाटीने आला की त्याच्या फांद्या जमिनीपासून सुटतात, एकमेकींत घुसतात, आणि आत डोळ्यांसमोर चार फुटांपलीकडचं दिसत नाही. खाली गवताची काडी नाही, नुसती करडी भुकटी आणि गळलेले काटे, टोक वर करून. रानडुकरांनी त्यात बोगदा पाडला होता, गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा. दादाने टोपी काढली, लाठी आडवी धरली आणि सरळ रांगायला लागला. सहासष्टाव्या वर्षी. मी मागे, अभयराव सगळ्यांत मागे, "बाबा, जरा हळू" म्हणत. डुकरांच्या वाटेने जाताना एक गोष्ट कळते: डुकराला पाठीवर शर्ट नसतो.

आतल्या एका मोकळ्या जागी आम्ही बसलो तेव्हा अकरा वाजले होते. अभयरावांनी फोन काढला. भिंतीपासून दीड तासात आलो होतो सव्वातीनशे मीटर. नकाशावर पुढचा पट्टा छान हिरवा दिसत होता, डोंगराची बाकी पाठ तपकिरी, उघडी. "हिरव्यातूनच जाऊ," दादा म्हणाला, "सावली असेल, ओढा असेल." तसं गेलो. दर वीस पावलांना हिरवं आणखी दाट. मग अभयरावांच्या तोंडून एक शब्द निघाला जो सासऱ्यांसमोर काढायचा नसतो. काटा बुटाचा तळ, आतली गादी आणि मोजा ओलांडून अंगठ्याखाली शिरला होता. बाहेर ओढला तेव्हा जीव गेला नाही एवढंच. पाऊण तासात बोट लाल झालं, सुजलं. बोरीचा काटा निघाला की दुखणं निघतं. हा निघाल्यावर दुखायला लागतो.

पुढे बोगदाही संपला. डुकरं इथून डावीकडे खाली वळली होती, बटेश्वर उजवीकडे. दादा उभा राहिला, म्हणजे जितकं राहता येत होतं तितका, आणि लाठीने समोरची फांदी उचलून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आवडलं नाही, म्हणून मीच म्हटलं, "दादा, माझ्याच्याने होत नाही." तो लगेच म्हणाला, "तुझ्यासाठी वळतोय हां, नंदे."

परत येताना सगळे काटे उलट्या दिशेने लागतात हे आम्ही धरलंच नव्हतं. सकाळी ज्या बोरीने जाऊ दिलं तिने आता प्रत्येकाला नाव घेऊन थांबवलं. साडेतीनला देवळापाशी पोचलो. चहावाल्याने आमच्याकडे पाहून न विचारता बिस्किटांचा पुडा फोडला. दादा पायरीवर बसला, बूट काढले नाहीत. थंडी वाजते म्हणाला.

रात्री यजमानांच्या सुनेने आणि मी मिळून स्वेटर निवडला. दोन तास. मटार सोलावा तसं. शेवटी तिनेच सुचवलं, "दीदी, होली में डाल देना।"

रविवार: दुसऱ्या टोकाकडून

सकाळी दादा म्हणाला, आपण बटेश्वराकडून वर चढून बघू. अभयरावांनी सुजलेला पाय बुटात घातला आणि एकदाही कुरकुरले नाहीत. त्या क्षणी माझ्या मनात त्यांचं स्थान कायमचं पक्कं झालं.

बटेश्वरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, दगडांचा खच होता. आठव्या ते दहाव्या शतकांतली दोनशेच्या आसपास देवळं, सगळी कोसळलेली. २००५ पासून पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी तो खच निवडून देवळं पुन्हा उभी करायला घेतली. त्या काळी डोंगरात निर्भय गुज्जरची टोळी होती, आणि कामाला तिची मूक परवानगी लागली, अशी हकिगत मुहम्मदसाहेबांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. आज रांगेने शिखरं उभी आहेत, मधे कुंड. एका शिखरात जुना दगड कुठला आणि नवा भरलेला कुठला हे उन्हाच्या तिरिपेत ओळखू येतं. अर्धी देवळं अजून खचातच आहेत, आणि त्या खचावर काय उगवलंय ते सांगायला नको.

तिथेच शेळ्या चारणारे कक्का भेटले. सत्तरीचे, डोक्याला मफलर, हातात लांब बांबू आणि बांबूला बांधलेला आकडा. दादाने वाटेचं विचारलं. कक्कांनी डोंगराकडे हात केला. "गैल तौ हती. अब वामें बबूर बैठौ है।" वाट होती, आता तिच्यात बबूल बसलाय. म्हणजे समोरचे काका बरोबर आणि दादाही बरोबर.

कक्का आम्हाला वर घेऊन गेले, शेळ्यांसकट. इकडची बाजू सोपी होती, कारण ती वापरात होती. बांबूच्या आकड्याने ते वेड्या बाभळीच्या शेंगा खाली ओढत आणि शेळ्या तुटून पडत. शेंगा गोड असतात. एक मी चाखली, चिकट, गुळचट. अभयरावांनी विचारलं, वाट बंद कशी झाली? कक्कांना तो प्रश्नच विचित्र वाटला. अरे, शेळ्या वाटेनेच चालणार ना? शेंगा इकडे खायच्या, लेंड्या वाटभर टाकत जायच्या. बी पोटात मरत नाही, उलट साल मऊ होऊन बाहेर पडतं. वाटेवर माती मोकळी, ऊन भरपूर, पावसाचं पाणीही वाटेनेच वाहतं. पहिली दोन-तीन वर्षं माणसं रोपं तुडवत गेली. मग खाली पक्का रस्ता झाला, जत्रेला जीपा आल्या, डोंगरावरून कोणी जाईना. चार पावसाळ्यांत बबूल छातीएवढा.

अभयराव एकदम थांबले. फोन काढला, कालचा तो नकाशा उघडला आणि बोटांनी मोठा केला. तपकिरी डोंगर, म्हणजे पानं गाळलेली करधई, सालई. आणि त्याच्यावरून शनिचऱ्याच्या टोकापासून बटेश्वरापर्यंत, वळणं घेत, कुठे रुंद कुठे दोऱ्याइतकी, एक हिरवी रेघ. करधई थंडीत पान टाकते; विलायती बबूल बारा महिने हिरवा. उपग्रहाने चित्र घेतलं ते कोरड्या दिवसांत घेतलेलं असणार. "बाबा," ते म्हणाले, "ही तुमची वाट."

दादाने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाजवळ नेला. बोटाने ती रेघ धरली. "इथे मोठा सपाट दगड होता. इथे आम्ही भाकरी खाल्ली. इथे वळण, खाली पाणी." बोट वळण घेत गेलं आणि काल आम्ही जिथून मागे फिरलो तिथे येऊन थांबलं. काल दिवसभर आम्ही वाट शोधत होतो आणि रांगत होतो ते वाटेवरच.

कक्कांनी विचारलं, हा बबूल इथे येऊन किती दिवस झाले? दीडशे वर्षं, अभयराव म्हणाले. "और तुम दक्खिनी?" इकडे आम्हा मराठी लोकांना अजूनही असंच म्हणतात. दादाने छाती पुढे काढून सांगितलं, दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे लश्कर टाकलं तेव्हापासून. कक्कांनी मान डोलावली. "तौ तुम वाके दद्दा भये।" मग तुम्ही त्याचे थोरले झालात. शेळ्यांनीसुद्धा वर बघितलं इतके आम्ही हसलो.

कक्कांना त्या झाडाचा राग नाही, हे मला घरी येईपर्यंत पचत नव्हतं. त्यांच्या सुनेची चूल त्याच्यावर पेटते, शेळ्या उन्हाळ्यात त्याच्यावर जगतात. तक्रार एकच: खैर गेला, गुग्गुळ तर दिसतच नाही, आणि खाली गवत येत नाही म्हणून गाय विकावी लागली. अभयरावांनी मुळं उपटून देशी झाडं लावायची गोष्ट काढली. कक्का म्हणाले, लावा की, पण पहिली पाच वर्षं माझ्या शेळ्यांना काय घालणार ते आधी सांगा. अभयराव गप्प बसले. नाशिकला गेल्यावर विचार करतो म्हणाले, अजून करताहेत.

वाट जिथे भिंतीत शिरते तिथपर्यंत गेलो. आत वाकून बघितलं. तीच करडी भुकटी, तोच अंधार. दादाने आत जायचं नाव काढलं नाही. लाठी तिथल्या एका दगडाला टेकवून ठेवली आणि रिकाम्या हाताने खाली उतरला.

परतीच्या वाटेवर मितावलीला थांबलो, पण उशीर झाला होता. टेकडीवरचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर, शिलालेख १३२३चा. गाइड सांगतो की दिल्लीचं जुनं संसद भवन यावरूनच काढलं. कागद दाखवा म्हटलं की तो विषय बदलतो. वरून चारी दिशांना बघितलं तर शेतं, बीहडांच्या सुरकुत्या आणि त्यांच्यात भरलेला तो एकच हिरवा रंग. मुरैन्याला गजक घेतली, घरी पोचायला नऊ वाजले.

आईने दार उघडलं आणि पहिल्यांदा दादाच्या पायांकडे पाहिलं. "लंगडतोयस." "नाही." "बूट काढ." डाव्या टाचेत काटा मोडला होता, शनिवारी अकराच्या सुमाराचा. दीड दिवस तो त्याच्यावर चालला होता. सुईने प्रयत्न झाला, बिब्ब्याचा चटका झाला, गुळाचं पोटीस झालं. निघाला आठव्या दिवशी, जेवताना, आपोआप: पाऊण इंच.

दादाने तो धुतला, पुसला आणि आरतीच्या काड्यापेटीत कापूस घालून ठेवला. अभयरावांनी नाशिकहून त्या हिरव्या रेघेचं चित्र छापून पाठवलंय, चांगलं हातभर मोठं, फ्रेम करून. दोन्ही आता कपाटात आहेत. पुढच्या कोजागिरीला समोरच्या काकांना दूध नंतर, आधी हे दाखवायचं आहे.